गेडीवर चढून शिवेपर्यंत

श्रीहरी नाकाडे सर आमच्या अध्यापक विद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवायचे. नव्या वर्गाचा पहिला तास ते मैदानावर घेत, पण कोणाला पळायला लावत नसत. चिंचेच्या सावलीत सगळ्यांना बसवायचे आणि एकेकाला विचारायचे, "तुले काय येत नाई?"

पोरं गोंधळायची. तोवर सगळ्यांनी त्यांना काय येतं तेच विचारलेलं असायचं. मग कोणी हळूच म्हणे, पोहता येत नाही. कोणी म्हणे सायकल, कोणी दोरीवरच्या उड्या. सर म्हणत, "झालं मंग. तेच शिकायचं. मी नाई शिकवनार. कसं शिकायचं ते तुमचं तुम्ही पाहा, आन् आलं की शाळेतल्या लेकरांले शिकवा."

रोशनी फुलझेलेची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मले काहीच येत नाई."

वर्ग हसला. सर नाही हसले. "चालता येते का?"

"चालता येते."

"मंग काहीच नाई कसं? बस. आठव आन् सांग."

मी त्या विद्यालयात मराठी शिकवते आणि मुलींचं वसतिगृहही सांभाळते. त्यामुळे रोशनी मला वर्गात थोडी आणि वसतिगृहात जास्त कळली. ती घुग्घुसची. वडील सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर जाणारे, आई अंजनाबाई घरीच. लहानपणी हिला सारखा खोकला असायचा. रस्त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक, धूळ अशी की दारातल्या तुळशीचं पान काळं. आई म्हणे पळू नको, दम लागेल. शाळेत खेळाच्या तासाला गणित होई. कधी मैदानावर नेलंच तर रोशनीकडे सगळ्यांच्या चपला सांभाळायचं काम. खोकला पुढे गेला, पण पळू नकोची सवय राहिली. डी.एड.ला नंबर लागला तो कुरखेड्याला. घरून एवढ्या लांब, एवढ्या झाडांमध्ये ती पहिल्यांदाच राहत होती.

सरांच्या या रीतीचं मला कुतूहल वाटायचं. एकदा चहाच्या वेळी मी विचारलंच, "सर, तुम्ही स्वतः कबड्डी खेळलेले. मग शिकवत का नाही? पोरांची मेहनत वाचेल."

ते म्हणाले, "मॅडम, प्राथमिक शाळेत खेळाचा वेगळा मास्तर कुठी असते? गणित शिकवनारी बाईच पोरांले मैदानावर नेते. मी कबड्डी शिकवली त ते जिंदगीभर कबड्डीच घेतील. आन् ज्या गावात लेकरांले दुसरंच काही खेळायचं असन, तिथी काय करतील? हातात शिट्टी धरून उभे राहतील."

मला तेव्हा ते अर्धवटच पटलं. आपल्याला जे येत नाही ते आपण शिकवायचं कसं, हा प्रश्न माझ्या डोक्यात फिरत राहिला.

रोशनीनं पहिला सराव पाठ घेतला तो कबड्डीचाच. पाठाचं टाचण वरच्या वर्गातल्या मुलीकडून उतरवलेलं. जवळच्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग. मी आणि सर निरीक्षणाला होतो. रोशनीनं टाचणातल्यासारखं बोलायला सुरुवात केली तर पुढच्या रांगेतली एक पोरगी, चंदा तिचं नाव, म्हणाली, "बाई, तुमीच दाखवा न एक डाव."

रोशनीनं शिट्टी वाजवली. पोरं पळाली. तिनं पुन्हा वाजवली, ती आणखी पळाली. तास संपेस्तोवर ती शिट्टीच वाजवत होती. शेवटी सरांनी फक्त एवढं विचारलं, "काय दिसलं तुले?"

"काहीच नाई दिसलं, सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे उदबत्ती लावून मी बाहेर आले, तर वसतिगृहाच्या पायरीवर रोशनी बॅग घेऊन बसलेली.

"कुठे निघालीस?"

"घुग्घुसले. बाबानं काट्यावर बोलून ठेवलं हाय, मॅडम. ट्रकचं वजन करायच्या काट्यावर. खुर्चीवर बसून पावत्या फाडायच्या. तिथी पळायचं काम नाई."

"आवडेल तुला?"

ती बराच वेळ बॅगेच्या चेनशी खेळत राहिली. मग म्हणाली, "नाई. मले पहिलीचा वर्ग पाहिजे होता. पन पहिलीच्या लेकरांसमोर कालच्यासारखी उभी राह्यली त ते मले बाई म्हनतील का?"

तेवढ्यात सर स्कूटरवरून आले. बॅग पाहिली, काही समजावलं नाही. म्हणाले, "जायचं त जा. पन काय येत नाई ते सांगून जा. माहा प्रश्न बाकी हाय तुह्याकडं."

समोरच्या रस्त्यानं पोरं गेडीवर चालली होती. गेडी म्हणजे दोन उभे बांबू, आणि गुडघाभर उंचीवर पाय ठेवायला बांधलेले आडवे तुकडे. आमच्याकडे जिवतीच्या अमावस्येला गेड्या निघतात आणि पोळ्यापर्यंत महिनाभर पोरं चिखलातून त्यावरच हिंडतात. रोशनीनं रागारागानं तिकडं बोट केलं. "ते येत नाई."

"मंग ते शिक. शिकून एक पाठ घे. नाई जमला त मी स्वतः तुले बसमध्ये बसवून देतो."

रोशनीनं बॅग आत ठेवली. रिकामी मात्र केली नाही. तिचे कपडे त्या बॅगेतूनच निघत आणि बॅगेतच परत जात, हे मी पाहत होते.

गेडी तिनं चंदाकडून मागून आणली. बदल्यात चंदाला काय हवं विचारलं तर म्हणे, "तुमी पडता तवा मले बलावजा." तेव्हापासून वसतिगृहाच्या मागच्या अंगणात रोज सकाळी बांबू आपटल्याचा आवाज. मी भांडी घासता घासता खिडकीतून बघायची. पहिले काही दिवस ती नुसती चढायची आणि पडायची. सरांना विचारायला गेली तर ते म्हणाले, "मले कुठी येते गेडी? पडली तवा कोन्या बाजूनं पडली?"

"डाव्या."

"काऊन?"

"मले काय माहीत!"

"मंग उद्या पाहून सांग."

ती चिडून परत आली. पण दुसऱ्या दिवशीपासून तिचं पडणं बदललं. आधी पडली की ती आजूबाजूला बघायची, कोणी पाहिलं तर नाही ना. आता पडली की बांबूकडे बघायला लागली. एक दिवस भाकरी खाता खाता मला म्हणाली, "मॅडम, गंमत हाय. थांबली की पडतो, चालत राह्यली की पडत नाई. उलटं व्हायला पाहिजे न?" आणखी काही दिवसांनी म्हणाली, "पाय उचलायचाच नाई. हातानं बांबू उचलायचा, पाय आपोआप येते. चंदाले विचारलं त तिले सांगताच येईना. तिले येते, पन कसं येते ते ठाऊक नाई."

हे बोलताना तिचे गुडघे फुटलेले होते आणि डोळे चमकत होते. मला वाटलं, हा पाठ होईल.

पाठ चंदाच्याच शाळेत, पोळ्याच्या आधीचा ठरला होता. पण पाऊस लागला, नाल्यावरच्या पुलावरून पाणी गेलं, शाळा बंद. पाठ पुढे ढकलला तो थेट पोळ्यानंतर. रोशनीनं चंदाची गेडी तिला देऊन टाकली आणि सणाला घुग्घुसला गेली. परत आली ती पाठाच्या आदल्या दिवशी.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, गावाच्या गेड्या शिवेबाहेर जातात. पोरं गेडीवर चढूनच जातात, तिथे उतरून गेड्या टाकतात आणि मागे वळून न पाहता येतात. पावसाळ्यातलं गावाचं दुखणं-खुपणं गेडीसोबत बाहेर गेलं असं धरतात. त्यानंतर पुढच्या जिवतीपर्यंत गावात गेडी दिसायची नाही. हे आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही. सांगायचं असतं हेच कोणाला सुचत नाही.

पाठाच्या दिवशी सरांच्या स्कूटरवर मागे बसून जाताना मी म्हटलं, "सर, मारबत तर झाली. आता रोशनी गेडी आणेल कुठून?"

सर म्हणाले, "मीबी तेच पाहाले चाललो."

शाळेच्या आवारात शिरलो तर पोरं भिंतीला चिकटून उभी. एरवी त्या शाळेत पोषण आहाराच्या डाळीला उकळी फुटली तरी पोरं गलका करतात. त्या दिवशी एक आवाज नाही. मधोमध रोशनी, आणि तिच्या पायाशी गेड्यांच्या दोन जोड्या. तिचा चेहरा आनंदानं फुललेला.

"मॅडम, पाहा न! शिवेवर मोहाच्या झाडाखाली पडल्या होत्या. बऱ्याच तुटल्या, या दोन साबूत सापडल्या. पोरं विसरून आली वाटते. पावसानं सडल्या असत्या. खांद्यावर घेऊन आली."

तेवढ्यात स्वयंपाकाच्या गुणाबाई बाहेर आल्या, आणि हातातली पळी तशीच कपाळाला लावून खाली बसल्या. "अवो माय! आमची पीडा वापस आनली हो या बाईनं!"

मुख्याध्यापक म्हणाले पाठ बंद करा. कोणीतरी पोरगं पळत जाऊन मुखरूभाऊंना घेऊन आलं. मुखरूभाऊ म्हणजे गावदेवाची पूजा करणारे, म्हातारे, काटक. त्यांनी गेड्या बघितल्या, हात लावला नाही.

"कोनं आनल्या?"

"मी," रोशनी म्हणाली. तोवर चंदानं तिच्या कानात सगळं सांगितलं होतं. तिचा चेहरा उतरला होता.

"कोन गावची तू?"

"घुग्घुसची."

"तिथी मारबत नाई राहत?"

"राहते, भाऊ. पन तिथी गेडी नाई राहत."

गुणाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आन् या बाईच्यात त असलं काई मानतबी नाई. बुद्धाचे लोक हायेत ते."

मी सरांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी ते पुढे होतील. ते गुणाबाईंच्या चुलीजवळच्या दगडावर जाऊन बसले. म्हणाले, "रोशनी, आनलं तू. आता काय करायचं ते तू पाहा."

मला त्यांचा राग आला. एकट्या पोरीला असं उभं करायचं? ती आता रडणार, आणि दुपारच्या बसनं जाणार, असंच मला वाटलं. मनातल्या मनात मी देवाचं नाव घेतलं.

रोशनी रडली नाही. ती मुखरूभाऊंजवळ गेली आणि म्हणाली, "भाऊ, मानायचा प्रश्न नाई. तुमच्या गावानं टाकलेलं मी न विचारता उचललं, हे चुकलंच. आता हे बाहेर कसं न्यायचं ते मले सांगा. तुमच्या रीतीनं."

म्हाताऱ्यानं तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "उचलून नाई नेता येत. उचलून आनली हे एक झालं, उचलून नेली त दोन होईल. गेडी चढूनच जाते. आन् ज्यानं आनली त्यानंच न्यायची. येते का तुले?"

"येते. थोडी थोडी."

"शिव लांब हाय, पोरी. वाटेत चिखल हाय."

"दोन जोड्या हायेत न, भाऊ. दोन चकरा माराव्या लागन."

यावर मुखरूभाऊ पहिल्यांदा हसल्यासारखे झाले. "मोजता येते म्हना बाईले."

रोशनीनं पदर खोचला. अध्यापक विद्यालयाची पोरगी, सराव पाठाची साडी नेसलेली, गेडीवर चढली. मागे मुखरूभाऊ, त्यांच्यामागे सगळी चौथी, मग तिसरी, मग पहिली-दुसरीही. कोणी वर्गात थांबायला तयार नाही. मुख्याध्यापक सुरुवातीला दारात उभे होते, मग तेही चपला घालून निघाले, आणि त्यांच्यामागे गुणाबाईही.

पहिल्या चकरेला ती शाळेच्या फाटकातच पडली. मग हातपंपाजवळ. मग गल्लीच्या वळणावर दोनदा. पडली की उठायची, बांबूकडे बघायची, आणि परत चढायची. पोरांना गेडीला शिवायचं नव्हतं, त्यांची गेडी कधीच गेली होती. हात देता येत नव्हता, म्हणून त्यांना बोलल्याशिवाय राहवेना. आधी चंदाच बोलली.

"बाई, खाली नका पाहू!"

"कुठी पाहू मंग?"

चंदा थांबली, स्वतःचे हात बांबू धरल्यासारखे केले, दोन पावलं चालली आणि म्हणाली, "मोरं. जिथी जायचं तिथी."

दुसरा पोरगा ओरडला, "चिखलात लांब पाय नका टाकजा, बाई, बांबू रुतते!"

"मंग कसा टाकू?"

"लान लान. बगळ्यावानी."

"नाई रे, बगळा थांबते. बाई थांबल्या का पडतात."

"मंग बदकावानी!"

सगळी हसली, रोशनीही हसली, आणि हसता हसता पडली. या वेळी तिनं उठायच्या आधीच विचारलं, "आता काऊन पडली, सांगा."

पाच-सहा उत्तरं एकदम आली. हसल्यामुळे. साडी अडकली म्हणून. डावा हात ढिला होता. तिनं प्रत्येकाचं ऐकलं आणि चंदाला म्हणाली, "तू पाहा, खरंच डावा हात ढिला राहते का ते." मग चंदा तिच्या डाव्या बाजूनं वाकून, हाताकडे टक लावून चालू लागली. दुसरा पोरगा पायाकडे बघत होता. पहिलीतलं एक लेकरू नुसतं तोंडाकडे बघत होतं. त्याला विचारलं तर म्हणालं, "बाई जीभ बाहेर काडते."

मी सरांच्या शेजारून चालत होते. त्यांच्या हातात निरीक्षणाचा कागद तसाच कोरा होता. मी हळूच विचारलं, "सर, हा पाठ कोण घेऊन राहिलंय?"

"थांबा न, मॅडम. पाहू द्या," ते म्हणाले. त्यांनाही माहीत नव्हतं.

मोहाच्या झाडाशी पहिली गेडी उतरली. मुखरूभाऊंनी सांगितलं तशी तिनं ती दगडावर मोडली. परत फिरताना मागे बघायचं नाही म्हणून सगळी पोरं माना ताठ करून चालत आली. दुसरी चकर वेगळी झाली. गल्लीच्या वळणावर ती पडली नाही. चिखलात एकदा पाय टेकला, एवढंच. पोरांचं ओरडणं आता कमी होऊ लागलं, आणि चंदा म्हणाली, "बाई, आता आमाले सांगाले काई राह्यलंच नाई." तिला त्याचं वाईट वाटलं होतं.

शिवेवर दुसरी गेडी मोडल्यावर मुखरूभाऊंनी झाडाच्या बुंध्याशी चिमूटभर माती उचलून ठेवली आणि हात जोडले. मीही जोडले. रोशनी शांत उभी राहिली, मान खाली घालून. गुणाबाई डाळ करपेल म्हणून घाईघाईनं पुढे निघाल्या. जाता जाता रोशनीला म्हणाल्या, "जेवून जाजो, बाई. उपाशी नको जाऊ आमच्या गावातून."

परत आलो तेव्हा जेवणाची सुट्टी होत आली होती. मुख्याध्यापक घड्याळ बघत होते. सरांनी रोशनीला विचारलं, "आता गेडी नाई. पाठ बाकी हाय. घेतेस का राहू देतेस?"

ती पोरांसमोर उभी राहिली. साडीचा काठ चिखलानं माखलेला, कोपर खरचटलेलं. शिट्टी तिच्या पर्समध्ये होती, पर्स कुठे होती कोणास ठाऊक. ती म्हणाली, "पुढच्या जिवतीपर्यंत गेडी नाई. तवापर्यंत तोल सांभाळाले कशावर शिकायचं? मले माहीत नाई. तुमाले काय वाटते?"

मग एक पोरगी म्हणाली, धुऱ्यावर. शाळेला लागूनच धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आणि तिचा अरुंद, निसरडा बांध, तोच धुरा. तो पाण्यानं मऊ झालाय, पाय दिला की ढासळेल, मालक ओरडेल, असं दुसरा म्हणाला. मग विटा ठेवू. मग विटा एकमेकींपासून लांब ठेवू. मग डोळे मिटून. मग डोक्यावर पाटी. चौघं-पाच जणं विटा आणायला पळालीसुद्धा. रोशनी मधे न पडता बघत होती. एक पोरगा विटेवरून पडला तेव्हा तिनं त्याला उचललं नाही. वाकून विचारलं, "कोन्या बाजूनं पडला?"

घंटा झाली तरी पोरं मैदानातून हलेनात. सरांनी कागद घडी करून खिशात टाकला. गुण किती दिले हे मला नंतरही कळलं नाही. बसमध्ये बसवायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. संध्याकाळी रोशनीनं बाबांना फोन लावला तो मी ऐकला, कारण वसतिगृहाचा व्हरांडा लहान आहे. "बाबा, काट्यावर दुसऱ्याले ठेवा. मी इथीच राहतो." मग बराच वेळ पलीकडचं ऐकून म्हणाली, "नाई, लागलं जास्त नाई. पडली म्हून कोनं सांगितलं तुमाले?"

आज रोशनी धानोरा तालुक्यातल्या एका दोन शिक्षकी शाळेत आहे. पहिली-दुसरी तिच्याकडे. परीक्षा, भरतीची वाट, मधल्या काळात मानधनावरची नोकरी, यात वर्षं गेली, पण ती टिकली. तिथली लेकरं घरी गोंडी बोलतात. यंदा थंडीत मी तिच्या शाळेत गेले होते. मैदानावर लेकरं पळसाच्या बिया टाकून कसलासा खेळ खेळत होती. एकजण एका पायावर उड्या मारत होतं, दुसरं त्याला अडवत होतं, मध्येच सगळी गोंडीत भांडत होती. रोशनी त्यांच्यात उकिडवी बसलेली.

मी विचारलं, "हा कोणता खेळ?"

"माहीत नाई, मॅडम. आठवडा झाला शिकून राह्यली. कोन बाद होते तेच मले अजून समजत नाई."

मग ती एका लेकराकडे वळली आणि तिच्या तोडक्यामोडक्या गोंडीत काहीतरी विचारलं. लेकरानं कपाळावर हात मारला, तिचा हात धरला आणि तिला रेषेच्या आत ओढलं.